उतरवलेलं इंजिन

१

आमच्या खोऱ्यात गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. सकाळचं धुकं दहा-साडेदहापर्यंत जागचं हलत नाही, त्यामुळे निम्मा दिवस डोळ्यांचा तसा उपयोगच नसतो. कुआला तेर्ला गावाच्या उतारांवर कोबी आणि टोमॅटो वाहणाऱ्या ज्या पन्नास-साठ वर्षं जुन्या लँडरोव्हर आहेत, त्यातली एकूण एक गाडी मी नुसत्या आवाजावरून ओळखतो. ही बढाई नाही. शेजारच्या खोलीतल्या खोकल्यावरून कुठलं पोर जागं झालं ते आईला कळतं, तसं हे. तीस वर्षं मी त्यांचीच पोटं उघडून बसलोय.

माझं नाव तिरुचेल्वम. सगळे सेल्वम म्हणतात. माझं गॅरेज रस्त्याला लागून आहे आणि मागची बाजू दरीवर उघडी आहे. दरीच्या पलीकडे मोई आंटीचा डोंगर. खाली त्यांचं फळ्यांचं घर, वर पायऱ्या-पायऱ्यांची कोबीची शेती आणि त्याच्या वर जंगल. माझे भागीदार याप अंकल वेल्डिंग करतात. वय एकाहत्तर, कान निम्मे गेलेले, जीभ शाबूत.

मार्चमध्ये एका सकाळी मोई आंटी गाडी घेऊन आल्या आणि खाली न उतरताच म्हणाल्या, "सेल्वम, ह्याच्यात डिझेल बसव."

"जपानी?"

"जपानी असो नाहीतर आणखी कुठलं. चढ चढलं पाहिजे. दर वळणावर थांबून ह्याला दम खाऊ द्यायचा, एवढं आयुष्य माझ्याकडे उरलं नाही."

"चिन अंकलनी हात लावू दिला नसता ह्याला."

"म्हातारा जाऊन दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आता स्टिअरिंगवर माझे हात आहेत."

याप अंकलनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. "आंटी, इंजिनासोबत नवरा पण जपानी बघू का एखादा?"

"तू आधी स्वतःचे दात बसवून घे. मग माझं बघ."

चिन अंकल वरच्या जंगलात पाण्याचा पाइप बघायला गेले आणि तिथेच वारले, एवढं खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. त्यापलीकडचं आंटींनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

२

जुनं पेट्रोल इंजिन चेनकप्पीला लावून वर उचललं, तेव्हा ते सुटता सुटेना. सगळे बोल्ट काढलेले, नळ्या काढलेल्या, वायरी काढलेल्या. तरी एका बाजूने अडकून राहिलं. याप अंकलनी त्याला शिवी घातली, मी खालून पहारीने टेकू दिला, तेव्हा कुठे हिसका देऊन वर आलं आणि साखळीवर हळूहळू फिरत राहिलं. त्यातलं तेल आधीच काढलं होतं, पाणीही काढलं होतं. मागच्या उघड्या बाजूला लाकडी फळ्यांवर ते ठेवून दिलं.

त्या इंजिनाच्या आवाजाला एक खोड होती. तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट टकटकायचा आणि गिअर बदलला की एकदा घसा खाकरल्यासारखं व्हायचं. चिन अंकलना मी कितीदा म्हटलं, दुरुस्त करून देतो. ते म्हणायचे, "राहू दे. नाहीतर माझीच गाडी मला ओळखू यायची नाही."

नवं इंजिन बसवायला तीन आठवडे गेले. लोकांना वाटतं, एक काढायचं आणि दुसरं ठेवायचं. पण नवीन इंजिनाचं तोंड जुन्या गिअरबॉक्सला लागत नाही. मध्ये जाड लोखंडी चकती लागते, ती केसभर जरी तिरकी झाली तर महिन्याभरात क्लच खाऊन टाकते. खालचं तेलाचं भांडं पुढच्या आसाला घासतं, ते कापून पुन्हा वेल्डिंग करावं लागतं. याप अंकल दोन दिवस गाडीखाली पडून होते. डॅशबोर्डखाली डिझेल बंद करायची काळी मूठ मी स्वतः बसवली. ओढली की तार ताणते आणि इंजिन गुदमरून थांबतं.

पहिल्याच फटक्यात सुरू झालं. कोरडी, मोकळी, डिझेलची खडखड. आंटी गाडीभोवती एक फेरी मारून आल्या.

"हे फारच बडबडं आहे," म्हणाल्या.

"दमदार आहे."

"बडबडं आहे. पण असू दे, घरात तरी कोण बोलतंय."

बसल्या आणि निघून गेल्या. ती खडखड पूल ओलांडून पलीकडे जाईपर्यंत मी ऐकत उभा राहिलो. आपण केलेल्या कामाचा आवाज बरा वाटतो.

३

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला मी मागच्या बाजूला कॉफीचा पेला घेऊन बसलो होतो. समोर पांढरं धुकं, भिंतीसारखं. त्यातून पलीकडच्या डोंगरावर एक गाडी चढत असल्याचा आवाज आला. मी लक्ष दिलं नाही. आंटी कोबी आणायला निघाल्या, एवढं मनात आलं.

पेला अर्धा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ज्याला मोई आंटींची गाडी म्हणतोय, ती पेट्रोलची आहे.

टकटक. टकटक. मग वळण. गिअर पडला आणि घसा खाकरला.

मी पेला खाली ठेवला. तो मी ठेवला तिथून दोन हातांवर ते इंजिन पडलेलं होतं. नळ्यांच्या तोंडांत चिंध्या कोंबलेल्या, वर प्लास्टिकचा कागद.

माणूस अशा वेळी आधी कारणं शोधतो. धुक्यात आवाज वाकडातिकडा फिरतो. कुणा दुसऱ्याची जुनी गाडी असेल. आपल्या कानाला वीस वर्षांची सवय. मी एकेक कारण घेतलं आणि एकेक खाली ठेवलं, कारण खोऱ्यातल्या पेट्रोलवर चालणाऱ्या बाकी दोन्ही गाड्या माझ्याच दारात उभ्या होत्या.

"याप अंकल! पलीकडून काही ऐकू येतंय?"

"मला माझी बायको ऐकू येत नाही, आणि पलीकडचं विचारतोस?"

मी उठून प्लास्टिकचा कागद बाजूला केला आणि इंजिनावर तळहात ठेवला.

कोमट होतं.

४

मी पत्र्याकडे बघितलं. पत्र्याला भोक आहे, ऊन पडत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण ऊन अजून आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मांजर त्यावर निजत असेल असा संशय घेतला. तिसऱ्या दिवशी आम्ही ते इंजिन ढकलत आतल्या खोलीत नेलं, जिथे तीन बाजूंना सिमेंटची भिंत आहे आणि दुपारीही दिवा लावावा लागतो. याप अंकलनी कारण विचारलं. मी म्हटलं, पावसाचं गंजेल. ते म्हणाले, "भंगारात जाणाऱ्याला गंजायची काय भीती?" पण ढकलायला मदत केली.

मी चारी प्लग काढून फळीवर ओळीने ठेवले. आता त्याला जाळायला ठिणगी नव्हती, तेल नव्हतं, पाणी नव्हतं. ते लोखंड होतं, बस्स.

नऊ वाजता पलीकडे आवाज सुरू झाला. मी आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. तिथे काहीच आवाज नव्हता. इंजिन जागच्या जागी गप्प. फक्त हवा तापत गेली. बंद खोलीत कुणी माणूस बराच वेळ बसून असला की जशी होते, तशी. पंधरा मिनिटांनी त्यावर हात ठेवता येईना. आणि बाहेर, दरीपलीकडे, ते चढत होतं.

मी दिवस मोजायला लागलो, म्हणजे मोजायचं नाही असं ठरवूनही. पहिल्या दिवशी आवाज कोबीच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेला होता. आठवड्याने तो त्याच्याही वर, जिथे गाडीवाट संपते तिथे जाऊन थांबायचा. थांबायचा म्हणजे बंद नाही व्हायचा. एका जागी उभा राहून चालू असायचा. तासभर, दीड तास. टकटक, टकटक. मग परतायचा, आणि घराजवळ आला की मध्येच कुठेतरी त्याची डिझेलची खडखड व्हायची.

दहाव्या दिवशी तो गाडीवाटेच्याही पुढे गेला.

त्या डोंगराचा उतार मला पाठ आहे. वाटेच्या पुढे आडवा ओंडका टाकलाय. ओंडक्यापुढे शेवाळ, नेचे, झाडांची गुंतलेली मुळं आणि त्याखाली ओढ्याची घळ. तिथे माणूस हाताने झाडं धरत जातो. गाडी तिथे जात नाही.

५

नवीन इंजिनाचे बोल्ट पहिल्या काही दिवसांत पुन्हा आवळावे लागतात. मी निरोप पाठवला आणि आंटी दुपारी गाडी घेऊन आल्या. मी आवाज ऐकत होतो. डिझेल. स्वच्छ डिझेल.

बॉनेट उघडून मी सवयीने फडकं गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. फडक्याची गरज नव्हती. झाकण थंडगार होतं. इंजिन थंडगार होतं. पूल ओलांडून, चढ चढून आलेली गाडी, आणि रात्रभर बाहेर ठेवलेल्या घागरीसारखी गार.

मी गाडीखाली सरपटलो. पुढच्या आसाला, चाकांच्या आतल्या बाजूला, सगळीकडे हिरवं शेवाळ गुंडाळलं होतं. लांब लांब, ओलं. शेतातल्या चिखलात असं शेवाळ नसतं.

"आंटी, गाडी कुठपर्यंत नेता?"

"शेतात. आणखी कुठे नेणार?"

"खाली शेवाळ आहे."

मला त्यांच्या प्लास्टिकच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. एक पाऊल दुसऱ्या पावलावर चढवून त्या उभ्या होत्या, शाळेत उभं केलेल्या मुलीसारख्या.

"तुला ऐकू येतं, नाही का," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलंच होतं, तुझा कान. बाकी कुणाला कळत नाही."

मी गाडीखालून बाहेर आलो. त्यांचा चेहरा घाबरलेला नव्हता. मला धक्का बसला तो त्याचाच. त्या चांगली झोप झालेल्या माणसासारख्या दिसत होत्या.

"उद्या ये," म्हणाल्या. "नऊला. आणि यापला सांगू नकोस, तो विनोद करेल."

६

मी गेलो. का गेलो असं नंतर बायकोने विचारलं तेव्हा मी म्हटलं, काम माझं होतं म्हणून. ते निम्मं खरं होतं. निम्मं असं की साठी उलटलेली बाई एकटी त्या घळीकडे जातेय हे कळल्यावर मला कॉफी जाईना.

मी डावीकडे बसलो. शेतापर्यंत डिझेल खडखडत होतं, बोलायलाही ओरडावं लागत होतं. कोबीची शेवटची पायरी मागे पडली आणि धुक्याने काच भरली. तेव्हा खडखड थांबली. बंद पडली नाही, जशी गर्दीत कुणीतरी बोलता बोलता गप्प व्हावं तशी थांबली. आणि आमच्या पायांखालून, मी वीस वर्षं ज्याला हात लावला होता, तो आवाज आला.

टकटक. टकटक.

मी समोरच्या घड्याळांकडे बघितलं. तेलाचा दाब शून्य. उष्णता शून्य. गाडी चढत होती.

"आंटी, तुमचा पाय..."

"कधीचाच काढलाय."

त्यांचे दोन्ही पाय गाडीच्या तळपत्र्यावर सपाट होते. हात मांडीवर. वळण आलं तेव्हा गिअरचा दांडा आपोआप मागे आला, घसा खाकरला, आणि गाडीने वळण घेतलं. ते जपून घेतलेलं वळण होतं. रस्ता माहीत असलेल्या माणसाचं.

गाडीवाटेच्या टोकाला आम्ही थांबलो. इंजिन सुरूच. ओंडक्यावर चाकांचे ओरखडे होते आणि त्यापलीकडे शेवाळ दबलेलं होतं. धुक्यात झाडांचे नुसते बुंधे दिसत होते, वरचं काही नाही.

"त्या दिवशी पण असंच होतं," आंटी म्हणाल्या. समोर बघत बोलत होत्या. "पाइप तुंबला म्हणून तो वर गेला. गाडी इथे लावली आणि इंजिन सुरू ठेवलं. नेहमीच ठेवायचा. धुक्यात वाट चुकली की आवाजाच्या दिशेने चालायचं, साधी गोष्ट. जेवायला आला नाही म्हणून मी चालत वर आले. गाडी सुरू. तो नाही. मी हाका मारल्या. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येईना."

टकटक चालू होती.

"म्हणून मी किल्ली फिरवली."

मी किल्लीकडे बघितलं.

"त्याने ओ दिली तर ऐकू यावी म्हणून, सेल्वम. एवढ्याचसाठी."

"दिली?"

"नाही. मी दुपारभर ओरडले. दोन दिवसांनी जंगलातल्या सेमाई आदिवासींना सापडला, ओढ्यापलीकडे. त्यांना माग काढता येतो. ते म्हणाले, पावलं सरळ इकडेच येत होती. मग एके ठिकाणापासून गोल गोल फिरायला लागली."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात गरम होता, माझा थंड.

तेवढ्यात गाडी हलली. पुढचं चाक ओंडक्यावर चढलं, गाडी वाकडी झाली, सरळ झाली आणि शेवाळात उतरली. नेचे दोन्ही बाजूंनी दारांना घासायला लागले. खालून पाण्याचा आवाज यायला लागला, आणि तो समोरून येत नव्हता. आमच्या खालून येत होता. घळ जवळ होती. बॉनेटच्या पुढे दोन हातांवर जमीन दिसत होती, त्यापुढे नुसतं पांढरं.

मी काळी मूठ ओढली. तार ताणली. काहीच झालं नाही. जे इंजिन चालतच नव्हतं ते थांबणार कसं?

"आंटी, किल्ली! बंद करा!"

"नाही."

"पुढे जमीन नाही आंटी!"

"एकदा बंद केलं होतं मी," त्या म्हणाल्या. "पुन्हा करणार नाही. रोज थोडं पुढे जातं, त्याला ऐकू यावं म्हणून. जाऊ दे."

गाडी आणखी हातभर पुढे गेली. मला माझ्या मुलींची नावं आठवली, आणि त्याच वेळी, देवाशपथ सांगतो, एका मेकॅनिकला सुचावं ते सुचलं.

"बंद नका करू," मी ओरडलो. "वळवा! नुसता आवाज इथे ठेवून ते घरी कसे येतील? तुम्ही तर त्यांना जंगलातच बोलावताय. घराकडे आवाज न्या आंटी. खाली न्या, म्हणजे ते मागोमाग येतील!"

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. दोन वर्षांत कुणी एवढं साधं सांगितलं नव्हतं, असं त्यांच्या तोंडावर होतं.

त्यांनी क्लचवर पाय दिला. दोन्ही हात स्टिअरिंगवर घेतले आणि मागचा गिअर टाकला. एक क्षण काही घडलं नाही. मग गाडीने त्यांचं ऐकलं.

७

गाडीवाटेवर वळून आम्ही खाली यायला लागलो तेव्हाही आवाज तोच होता. डिझेल परतलं नव्हतं. आंटी सावकाश चालवत होत्या. चालत येणाऱ्या माणसाला सोबत म्हणून गाडी चालवावी तशा.

"मागे बघू नकोस," म्हणाल्या.

मी मागे बघितलं नाही. पण माझ्या बाजूला आरसा होता.

पहिल्या वळणावर आरशात धुकंच होतं. दुसऱ्या वळणावर धुक्यात एक माणसाएवढी काळसर रेघ होती. झाड असेल. तिसऱ्या वळणावर ती तेवढ्याच अंतरावर होती. गाडी वेगात नव्हती, पण माणसाच्या चालीपेक्षा वेगात नक्की होती. तरी चौथ्या वळणावर तेवढंच अंतर. ते चालत होतं. शांत, सारख्या पावलांनी, घाई नाही, अडखळणं नाही. त्या उतारावर, त्या चिखलातून. त्यात मला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. चेहरा होता की नाही ते मी सांगू शकत नाही, कारण चेहरा असतो त्या जागेकडे मी बघितलं नाही.

कोबीची पायरी लागली. आंटींनी गाडी घराच्या अंगणात आणली आणि किल्लीला हात लावून बसल्या. फिरवली नाही. टकटक चालू. आरसा मोकळा होता.

मग घराच्या मागच्या बाजूला नळ सुरू झाला. पाणी बादलीत नाही, दगडावर पडत होतं. मध्ये तुटत होतं, पुन्हा पडत होतं. कुणीतरी आधी एक पाय धुवावा, मग दुसरा, तसं.

आंटींनी डोळे मिटले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. त्यांनी किल्ली फिरवली.

आवाज गेला. नळ आणखी थोडा वेळ चालला. मग तोही कुणीतरी नीट, घट्ट बंद केला.

८

गॅरेजवर परतलो तेव्हा याप अंकल रस्त्याच्या पलीकडे एका टायरवर बसलेले होते. आत यायला तयार नव्हते.

"तुझ्या त्या आतल्या खोलीतून वाफ आली," म्हणाले. "मी पाणी घेऊन धावलो, आग लागली म्हणून. आत आग नाही. ते इंजिन नुसतं तापलेलं. आणि मी उभा असतानाच सेल्वम, माझ्या डोळ्यांदेखत, गार झालं. फुंकर मारल्यासारखं. तू मला काय सांगत नाहीयेस?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील. त्यांनी खिशातून सिगारेट काढली आणि पेटवायला विसरले.

"चालत आला म्हणतोस."

"हो. गाडीच्या मागोमाग. एकसारखा."

"एकसारखा?" याप अंकल म्हणाले. "चिन? अरे, त्याच्या उजव्या गुडघ्यावर तरुणपणी झाड पडलं होतं. चाळीस वर्षं तो पाय ओढत चालायचा. तुझ्याकडे गाडीतूनच यायचा म्हणून तुझ्या लक्षात राहिलं नसेल. आम्ही चहाच्या टपरीवर त्याला बघायच्या आधी त्याची चप्पल ऐकायचो. एक पाऊल पडायचं, दुसरं घासत यायचं."

मी त्यांच्या शेजारी टायरवर टेकलो. समोर दरी स्वच्छ झाली होती. मोई आंटींच्या घराच्या चिमणीतून धूर निघत होता.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी मागच्या बाजूला उभा राहिलो. पलीकडे डिझेल चढलं, शेवटच्या पायरीवर थांबलं, कोबी भरून खाली आलं. रोज तसंच. इंजिन पुन्हा कधी तापलं नाही. पावसाळ्यात ते भंगारवाल्याने नेलं. वजन भरायला हवं तेवढंच भरलं.

९

तेल बदलायची वेळ झाली तेव्हा आंटी आल्या नाहीत. मलाच घरी बोलावलं. कोबी काढायचाय, खाली यायला वेळ नाही, म्हणाल्या. मी तेलाचा डबा आणि पाने घेऊन गेलो. दुपारचे दोन वाजले होते, लख्ख ऊन होतं.

गाडीत काहीच खोट नव्हती. इंजिन जसं तापायला हवं तसं तापलेलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी त्यावर हात जरा जास्तच वेळ ठेवला आणि भाजून घेतला.

आंटींनी मला स्वयंपाकघरात बसवून चहा दिला, वर भाजलेल्या रताळ्याची बशी. त्यांच्या अंगावर मांस चढलं होतं. इपोह शहरात राहणारी त्यांची मुलगी कधीची म्हणत होती, माझ्याकडे राहायला ये. "तिला सांगून टाकलं," आंटी म्हणाल्या, "मी इथून हलत नाही. आता कशाला हलू?"

स्वयंपाकघराच्या पलीकडे एक खोली होती, मध्ये निळा पडदा. खोलीची जमीन फळ्यांची. मी रताळं सोलत होतो आणि त्या फळ्यांवर कुणीतरी चाललं. भिंतीपासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून भिंतीपर्यंत. पावलं अगदी सारखी पडत होती. एकही पाऊल घासत येत नव्हतं.

आंटींनी मान तिरकी करून ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी माझ्या आईच्या चेहऱ्यावर फक्त एकदा बघितलंय, धाकटा भाऊ तापातून उठला त्या दिवशी.

"ऐकलंस?" त्या पुढे झुकून माझ्या कानाशी म्हणाल्या. "गुडघा बरा झाला बघ त्याचा. चाळीस वर्षं मी तेल चोळत होते, काही उपयोग झाला नाही. आता कसा सरळ चालतो."

पावलं पडद्यापर्यंत आली आणि थांबली. पडद्याच्या खालून उजेड येत होता, तो दोन जागी अडला.

आंटी माझ्याकडे बघत होत्या. एक शब्द हवा होता त्यांना, आणि तो देऊ शकेल असं खोऱ्यात दुसरं कुणी नव्हतं.

"हो आंटी," मी म्हटलं. "बरा झाला."

त्या समाधानाने उठल्या आणि तिसऱ्या कपात चहा ओतू लागल्या.